कारणाचा रकाना

गांजाने हिंदुस्थानात माणसे वेडी होतात का, असा प्रश्न १८९३ साली लंडनच्या पार्लमेंटात निघाला आणि त्याच वर्षी सरकारने एक आयोग नेमला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, एकूण सदस्य सात, त्यांत तीन हिंदी. आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या. पण त्याचे सर्वांत मोलाचे काम झाले ते जुन्या कागदांवर. १८९२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ माणसे दाखल झाली होती आणि त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे खापर गांजा, भांग, चरस यांच्यावर फोडलेले होते. आयोगाने ही २२२ प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली. शेवटी गांजाशी काहीतरी संबंध लागतो अशी ९८ माणसे उरली. दुसरे कुठलेच कारण दिसत नाही अशी फक्त ६१.

मग बाकीच्यांच्या कागदावर गांजा आला कुठून? पोलिसांकडून. वेडा म्हणून पकडलेल्या माणसाबरोबर एक वर्णनपत्र जायचे. त्यात नाव, वय, गाव यांच्या जोडीला वेडाच्या कारणाचाही रकाना असे. ज्याच्याविषयी लिहायचे तो बहुधा धड बोलण्याच्या अवस्थेत नसे, नातेवाईक सापडलेला नसे, आणि सरकारी कागदावर रिकामा रकाना कुणालाच आवडत नाही. हा गांजा ओढायचा का, असे चार जणांना विचारले की एखादा तरी हो म्हणायचाच. झाले, कागद पुरा. इस्पितळातला डॉक्टर तोच शब्द आपल्या रजिस्टरात उतरवून घेई, रजिस्टरावरून वार्षिक तक्ता बने आणि तो तक्ता पुरावा म्हणून फिरे. ठाण्यातल्या अंमलदाराने काम उरकण्यासाठी लिहिलेला शब्द अशा रीतीने वैद्यकशास्त्र होऊन बसला होता.

पोलिसांना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण दिले पाहिजे, हे आज सगळेच म्हणतात, कायदाही म्हणतो. ते बोलताना सूर असा असतो की या बिचाऱ्या खात्यावर हे एक नवेच काम येऊन पडले आहे. वर्धा जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर तसे मुळीच दिसत नाही. या जिल्ह्याला पोलीस मिळाले तेव्हापासून वेड कुणाला लागले आहे आणि कशाने, हे सर्वांत आधी पोलीसच ठरवत आला आहे. डॉक्टर त्याच्या मागून येतो.

तारखा बघा. १८५७ च्या धामधुमीनंतर लगेच, १८५८ साली, वेड्यांच्या इस्पितळांचा छत्तिसावा कायदा झाला. मोकाट भटकणारे वेडे आणि धोकादायक वाटणारे वेडे पकडून मॅजिस्ट्रेटसमोर उभे करणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य त्यात लिहिले गेले. घरच्यांनी हेळसांड किंवा छळ चालवलेला वेडा दिसला तर त्याची खबरही त्यानेच द्यायची. १८६१ साली पोलीस कायदा आला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मध्यप्रांत तयार झाला. १८६२ मध्ये नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. त्याचे मुख्य ठिकाण आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, १८६६ मध्ये ते पालकवाडीच्या जागेवर वसवलेल्या नव्या वर्धा गावात आले. आणि या सगळ्याच्या मध्येच, १८६४ साली, नागपूरला वेड्यांचे इस्पितळ उघडले. कायदा, पोलीस, जिल्हा, इस्पितळ ही सगळी आठ वर्षांतली भावंडे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ. हिंगणघाटच्या कापसासाठी विलायतेचे व्यापारी टपलेले. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि कापसाच्या गाठींसाठी टाकलेल्या त्याच रुळांवरून पुढे बंदोबस्तातले वेडेही नागपूरला जाऊ लागले.

१९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने ही व्यवस्था घट्ट केली. ठाण्याच्या हद्दीत भटकणाऱ्या वेड्याला ठाणेदाराने अटक करता येई. धोकादायक वाटला तर अटक करणे भागच होते. मॅजिस्ट्रेट त्याला डॉक्टरच्या तपासणीसाठी एका वेळी दहा दिवस, सगळे मिळून तीस दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शके. कुठे अडकवायचे? छोट्या जिल्ह्यात इस्पितळ नाही, म्हणजे तुरुंगच. गुन्हा काही नाही, पण गजाआड. हा कायदा पुढे ऐंशी वर्षे चालला.

भटकणारा आणि विचित्र वागणारा, या दोन कसोट्यांवर कोण सापडेल याचा नेम नाही. सेवाग्रामचेच उदाहरण घ्या. गांधीजींच्या आश्रमात प्रा. जयकृष्ण भन्साळी राहत. साबरमतीपासूनचे आश्रमवासी. मध्यंतरी ते सगळे सोडून निघून गेले, नग्नावस्थेत रानोमाळ हिंडले, कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन राहिले. मौन मोडू नये म्हणून त्यांनी तांब्याच्या तारेने ओठ शिवून घेतले होते असे सांगतात. १९१२ च्या कायद्याचा शब्दन् शब्द त्यांना लागू करता आला असता. गांधीजींनी त्यांना जवळ ठेवून घेतले, आणि भन्साळी आश्रमात सूत कातत, शिकवत राहिले. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरला आणि आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला जमाव ठाण्यांवर गेले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. त्यानंतर चिमूरच्या बायकांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून उपोषणाला बसले ते हेच भन्साळी. सरकारने त्यांना पुन्हा पुन्हा धरून सेवाग्रामला आणून सोडले. उपोषण त्रेसष्ट दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ ला सुटले. भन्साळींना वेडे म्हणायचे की नाही, या प्रश्नात मला फारसा रस नाही. त्यांच्याकडे बघणारा माणूस ठाणेदार होता की गांधी, यावर त्यांची पुढची सगळी वर्षे अवलंबून होती, एवढे मात्र दिसते.

स्वातंत्र्यानंतर या बाबतीत कितीतरी वर्षे काहीच घडले नाही, म्हणून मीही ती वर्षे ओलांडून पुढे जातो. पहिला धक्का मुंबईत बसला, आणि तो ज्याच्यामुळे बसला तो स्वतः पोलीस होता. मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाला अपघात झाला आणि त्यानंतर मानसिक आजार जडला. बायकोला भाजीचा गाळा लावायची परवानगी महापालिकेकडून मिळेना, म्हणून १९८५ साली त्याने महापालिकेतच स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्याला वाचवले आणि लगेच कलम ३०९ खाली, आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून, त्याच्यावर खटला भरला. १९८६ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ मध्ये मोठ्या पीठाने ती फिरवली. कलम परत आले. आजारी पोलिसाला पोलिसांनीच आरोपी केले, ही या खटल्यातली गोष्ट कायद्याच्या चर्चेत मागे पडली. प्रशिक्षणाच्या वर्गात ती पहिल्या तासाला सांगायला हवी.

दुसरा धक्का १९९३ चा. त्या वर्षी १ एप्रिलपासून १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला. अटक गेली, तिच्या जागी संरक्षणात घेणे आले, आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचे बंधन. ऑगस्टमध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाविरोधी आहे. कागदावर मोठाच बदल. ठाण्यात मात्र काम तेच राहिले. वेडसर इसम सापडला, स्टेशन डायरीत नोंद घेतली, कोर्टाचा आदेश आणला, दोन शिपाई आणि गाडी घेऊन नागपूर गाठले. नागपूरचे ९४० खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय हाच रस्त्याचा शेवट. ड्युटी कुणाला लागली की तो कपाळाला हात लावायचा, कारण वाटेत रुग्ण सांभाळायचा कसा हे त्याला कुणी शिकवलेले नव्हते. शिकवलेली होती ती दोरी.

मग शेतकरी आत्महत्यांचे पर्व आले. वर्धा हा अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम यांच्याबरोबर आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत गणला गेला. डोरली गावाने आपले गावच विक्रीला काढल्याचा फलक लावला. २००६ च्या जुलैला तोंड फुटताना पंतप्रधान मनमोहन सिंग वायफडला येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. या सगळ्यावर अमाप लिहिले गेले आहे. पोलीस त्यात कुठे होता, हे फारसे लिहिले गेलेले नाही.

तो सगळ्यात आधी तिथे होता. पोलीस पाटील ठाण्यात खबर देतो. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो. बीट जमादार येतो, विषारी औषधाचा डबा जप्त करतो, पंचनामा लिहितो, घरच्यांचे बयाण घेतो. आणि कारण विचारतो. ज्या बाईच्या नवऱ्याचे प्रेत अजून शवविच्छेदनाला गेलेले नाही, तिला विचारतो. ती जे सांगेल, किंवा तिच्या वतीने दीर जे सांगेल, ते एका शब्दात उतरते: नापिकी, कर्जबाजारीपणा, दारूचे व्यसन, घरगुती वाद, पोटदुखी. या शब्दावर पुढे पैसे ठरत. सरकारची मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. आणि ती मिळण्यासाठी नापिकी, थकलेले कर्ज, वसुलीचा तगादा हे दिसायला हवे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण गेले की ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. जमादाराने दारू लिहिली की घराचे लाख गेले. म्हणून गावेही शहाणी झाली. जमादार यायच्या आत कारण ठरू लागले. दुसऱ्या टोकाला, ज्याचा जीव वाचला त्याचे घरचे ‘फवारणीत चुकून तोंडात गेले’ म्हणत, कारण खरे सांगितले तर कलम ३०९. मेलेल्याचे कारण पैशासाठी बदलायचे, जगलेल्याचे खटल्याच्या भीतीने. एनसीआरबी ही गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्रीय संस्था १९९५ पासून शेतकरी आत्महत्यांची जी वेगळी आकडेवारी काढत आली, ती शेवटी याच बयाणांवर उभी होती.

याच जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉक्टरांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. मानसोपचार विभागाचे डॉ. प्रकाश बेहेरे यांनी २००८ मध्ये विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्रीत लिहिले. सामुदायिक वैद्यकशास्त्राचे डॉ. अमोल डोंगरे आणि डॉ. प्रदीप देशमुख यांनी वर्धा परिसरातल्या गावकऱ्यांनाच बसवून कारणे मोजायला लावली. कर्ज आले, व्यसन आले, नापिकी आली. त्यांच्याच जोडीला मालाला न मिळणारा भाव, सिंचनाचा अभाव, लागवडीचा वाढता खर्च, सावकार, सरकारची बेपर्वाई, घरच्या जबाबदाऱ्यांचा ताण. गावकऱ्यांनी यातले एक निवडून बाकीची टाकून दिली नाहीत. त्यांच्या सांगण्यात ही कारणे एकमेकांत अडकलेली होती. ठाणे आणि सेवाग्राम यांच्यात मोटारीने काही मिनिटांचे अंतर आहे. मर्गाच्या कागदात मात्र एका माणसाला एकच कारण मावत होते. २०१५ मध्ये राज्याने वर्ध्यासह चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन खचलेली माणसे हेरू लागली. गावातली सगळी भांडणे, दारू, उधारी ज्याला आधी कळते तो बीटचा पोलीस या आखणीच्या बाहेरच होता, असे मला तरी वाटते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. कलम १०० मध्ये ठाणे अंमलदाराचे काम नव्याने मांडले आहे. भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा किंवा स्वतःला वा दुसऱ्याला धोका असलेला माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचे, का घेतले ते त्याला सांगायचे आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त चोवीस तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे. कोठडीत किंवा तुरुंगात कुठल्याही परिस्थितीत नाही. मॅजिस्ट्रेट या वाटेतून बाजूला झाला, आणि नागपूरही. आष्टीचा माणूस आष्टीच्याच ग्रामीण रुग्णालयात आधी जाईल, हिंगणघाटचा हिंगणघाटच्या. साखळदंडाला याच कायद्यात बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे कलम ११५ गृहीत धरते, त्याला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ उरलेलेही नाही. आणि कलम ३० म्हणते की पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचे वेळोवेळी प्रशिक्षण मिळेल, हे सरकारने पाहायचे. प्रशिक्षण किती तासांचे, कुणी द्यायचे, काय शिकवायचे, हे त्या एका ओळीत नाही.

अमेरिकेतले मेम्फिस शहर या बाबतीत नेहमी पुढे केले जाते. १९८७ मध्ये तिथे पोलिसांनी हातात सुरी घेतलेल्या एका मनोरुग्ण तरुणाला गोळ्या घातल्या. लोकांचा संताप उसळला आणि १९८८ पासून निवडक पोलिसांना चाळीस तासांचे शिक्षण देऊन संकटाच्या जागी पाठवण्याची पद्धत सुरू झाली. जगभर तिची नक्कल झाली. तिथून घ्यायला पुष्कळ आहे: भोंगा बंद करणे, एकानेच बोलणे, अंतर राखणे, खोटे न सांगणे, मरावेसे वाटते का हे सरळ विचारणे. पण तो अभ्यासक्रम बंदुकीच्या भीतीतून जन्मला. देवळी किंवा समुद्रपूरच्या पोलिसाच्या हातून मनोरुग्णाला गोळी लागण्याची शक्यता नगण्यच. कोठडीत पडून राहण्याची, बसस्थानकावरून हाकलून पुढच्या हद्दीत ढकलले जाण्याची शक्यता मोठी. हद्द बदलली की आपली जबाबदारी संपली, हा आपला जुना आजार आहे आणि मेम्फिसच्या पुस्तकात त्यावर औषध नाही.

वर्ध्याची स्वतःची एक अडचण आहे आणि तिच्यापासून इथल्या प्रशिक्षणाची सुरुवात व्हायला हवी. हा गांधींचा जिल्हा म्हणून गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. त्यामुळे पोलिसाचा बराच वेळ मोहफुलाचा सडवा नासवण्यात जातो. रोज पिणाऱ्याला पकडून आत ठेवले, की दोन-तीन दिवसांत दारू तुटल्याने त्याला कंप सुटतो, नसलेली माणसे दिसू लागतात, तो ओरडतो, मारायला धावतो. ठाण्यात याला माजलाय म्हणतात, फार तर नाटक. हा जिवावर बेतणारा आजार आहे आणि त्याला तातडीने दवाखाना लागतो. २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे झालेल्या मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. म्हणजे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने जो आरोपी, तोच या कायद्याने रुग्ण, आणि दोन्ही कायदे राबवणारा हवालदार एकच. त्याने आधी कुठला कागद काढायचा? जोराचा ताप, साखर उतरणे, डोक्याला मार, यांनीही माणूस असाच बरळतो. वेडसर किंवा दारूडा असे डायरीत लिहिण्याआधी कपाळाला हात लावून पाहा, एवढे शिकवले तरी काही जीव वाचतील. आणि कारण लिहूच नका. काय दिसले, काय ऐकले, कुणी सांगितले, किती वाजता, तेवढे लिहा.

एक गोष्ट मात्र पोलिसाला कुणी शिकवायची गरज नाही. वर्ध्यावरून मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग जातात. वर्धा आणि सेवाग्राम या दोन स्थानकांवर उतरणारा भरकटलेला माणूस बिहारचा असू शकतो, तेलंगणाचा, ओडिशाचा. अशाच रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून घरी पोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी १९८८ पासून श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशनमार्फत करत आले. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधाने माणूस थोडा भानावर आला की बहुधा आधी एखादे अर्धवट नाव सांगतो: गावाचे, नदीचे, शाळेच्या मास्तरांचे. त्यावरून घर शोधायचे. कलम १०० प्रमाणे बेघर मनोरुग्णाच्या बाबतीत हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधणे ही ठाण्याची जबाबदारी आहे. तुटक्या शब्दावरून जिल्हा ओळखणे, तिथल्या ठाण्याला फोन लावणे, पोलीस पाटलाकरवी गावात विचारणे, फोटो फिरवणे यात हवालदार पटाईत असतो. फरार आरोपीसाठी तो हे रोज करतो. प्रशिक्षणाच्या वर्गात त्या तासाला डॉक्टरांनी बाकावर बसावे आणि पुलगावच्या किंवा आर्वीच्या एखाद्या जुन्या हवालदाराने उभे राहून शिकवावे.